डॉक्टर-नर्सना पर्यावरण आणि आरोग्याचं शिक्षण: सरकारने पैसे घालावेत का?

माळरान (धागा सुरू करणारा)

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसावर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेव्हा चर्चा झाली ती कीटकनाशक कंपन्यांची, कृषी केंद्रांची, बॅटरीवरच्या पंपांची आणि त्या वर्षी माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेल्या कापसाची. ती व्हायलाच हवी होती. पण तालुक्याच्या डॉक्टरपुढे हा रुग्ण आला तेव्हा त्या डॉक्टरला काय ठाऊक होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

ऑरगॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या गटातल्या विषाची लक्षणं एमबीबीएसच्या पोराला पाठ असतात. बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा चालतो. त्या हंगामात मात्र डायफेन्थियुरॉनसारखी निराळ्या गटातली औषधंही शेतात होती, आणि दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळून फवारली जात होती. डायफेन्थियुरॉनला नेमका उतारा नाही. गरज नसताना ॲट्रोपिन देत राहिलं तर त्याचीच बाधा होते: ताप चढतो, नाडी धावते, रुग्ण बरळायला लागतो. म्हणजे 'काय फवारलं, कशात मिसळलं, बाटली आणली का' हे तीन प्रश्न तिथे जीवनमरणाचे होते.

हे शिकवायचं कुणी? महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते बहुतेक जण परिषदांमधून जमवतात, आणि त्या परिषदांचा मोठा खर्च औषध कंपन्या उचलतात. मधुमेहावरच्या व्याख्यानाला प्रायोजक मिळतो, कारण शेवटी गोळी खपते. शिसं, सिलिका (दगडाची बारीक धूळ), उष्माघात, फवारणी यांवरच्या व्याख्यानातून कुणाचं काहीच खपत नाही. म्हणून माझं म्हणणं, हा खर्च सरकारनेच करावा. दर वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष असावं, आणि ते डॉक्टर, नर्स, आरोग्यसेवक, आशा या सगळ्यांसाठी असावं. २०१९ पासून केंद्राचा हवामान बदल आणि मानवी आरोग्य यावरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात प्रशिक्षणाच्या पुस्तिकाही आहेत. पण पुस्तिका कपाटात पोहोचणं वेगळं आणि रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णापर्यंत पोहोचणं वेगळं.

मतं मांडा. विरोधातली तर नक्कीच.

करदाता

मी विरोधात आहे, आणि कारण अगदी साधं आहे. सरकारी प्रशिक्षण कसं होतं हे मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात राहून बघितलंय. सकाळी दीपप्रज्वलन, मग मान्यवरांची भाषणं, जेवण, दुपारी पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवणं, हजेरीपटावर सही, प्रवासभत्ता. मार्च आला की निधी परत जाऊ नये म्हणून एका आठवड्यात चार कार्यशाळा. त्यातून एकाही माणसाचा जीव वाचल्याची नोंद कुठेच होत नाही, कारण ती नोंद कुणी मागतच नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत. जो एकटा आहे त्यालाच दोन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावणार, आणि त्या दोन दिवसांत केंद्रावर कोण? आधी जागा भरा. शिकवायला माणूस तरी हवा.

स्टेथो

मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो. धागाकर्त्याचा हेतू मला पटतो, पण त्यांनी केलेलं निदान पटत नाही.

एमबीबीएसला हे शिकवलं जात नाही असं नाही. पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, या विषयात हवा, पाणी, आवाज, किरणोत्सर्ग, व्यवसायजन्य आजार सगळं येतं, परीक्षेलाही येतं. आमची अडचण पुढची आहे. यवतमाळच्या वेळी कोलिनेस्टरेजची, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फरसची बाधा दाखवणारी रक्ताची तपासणी तिथे हाताशी नव्हती, हे तेव्हाच्या बातम्यांत सगळ्यांनी वाचलं. डॉक्टर कितीही शहाणा असला तरी तपासणीच नसेल तर तो अंदाजानेच चालणार. रक्तातल्या शिशाचंही तेच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला. आता मला सांगा, माझ्या ओपीडीतल्या पोटदुखीच्या, चिडचिड्या, अभ्यासात मागे पडलेल्या पोराचं रक्त मी कुठे पाठवू? मला शिकवून तुम्ही माझी हतबलता वाढवाल एवढंच.

पैसा एकच असेल तर तो प्रयोगशाळेला द्या.

कापूसवाला

मी यवतमाळ जिल्ह्यातलाच. डॉक्टर साहेब, तुमची गोष्ट बरोबर आहे, पण एक सांगतो. आमच्या गावातला एक जण त्या वर्षी फवारून आला, चक्कर, उलट्या. पहिल्या दवाखान्यात त्याले विचारलं, 'दारू पेला का?' बस. सलाइन लावली अन् घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यानं दिसेना झालं तवा मोठ्या दवाखान्यात नेलं. वाचला तो, पण डोळ्याचा तरास आजही आहे.

तिथं कोणती मशीन नव्हती म्हणून असं झालं? कोणी विचारलंच नाही की बाबा, आज शेतात काय मारलं. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असते, मागं बारीक अक्षरात लक्षणं अन् उतारा लिहून असते. ते वाचाले मशीन लागत नाही.

माळरान

@स्टेथो, कापूसवाल्यांनी माझ्याआधीच उत्तर दिलं. तपासणी हवी याबद्दल आपलं दुमत नाही. पण यंत्र आधी की शिक्षण आधी, असा क्रम लावला तर एक गोष्ट निसटते. ज्या डॉक्टरच्या मनात शिशाची शंकाच येत नाही तो तपासणी मागत नाही. मागणी नाही म्हणून तालुक्याला तपासणी येत नाही, आणि आली तरी तपासणीच्या रसायनाची मुदत संपेपर्यंत ती पडून राहते. आपल्या ग्रामीण रुग्णालयात असं पडून राहिलेलं एखादं यंत्र तुम्हीही पाहिलं असेल.

पैसा एकच आहे, हेही मला मान्य नाही. २०१९ पासून शहरांच्या स्वच्छ हवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात हजारो कोटी गेले. विज्ञान आणि पर्यावरण केंद्र (सीएसई) या संस्थेने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबात त्यातला ६४ टक्के निधी रस्त्यांवरच्या धुळीसाठी खर्च झाला होता. झाडणारी यंत्रं, पाण्याचे फवारे. धूळ वाईटच आहे. पण ही सगळी खटपट ज्या फुप्फुसांसाठी आहे ती तपासणाऱ्या माणसाला त्यातला एक टक्का द्यायला हरकत काय?

परिचारिका_मी

इथे सगळे डॉक्टरांबद्दलच बोलताय. रुग्णाला पहिला हात नर्सचा लागतो.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरला भर उन्हात कार्यक्रम झाला आणि १४ जणांचा जीव गेला. पारा विदर्भासारखा ४५ वर नव्हता. पण किनारपट्टीची दमट हवा, घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना अजून वाटतं की उष्माघात म्हणजे नागपूर-चंद्रपूरची गोष्ट.

उष्माघातात शरीराचं तापमान ४० च्या वर जातं आणि माणूस भ्रमिष्ट होतो. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करणं हाच उपचार. गार पाणी, बर्फ, पंखा, जे मिळेल ते. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही, तो ताप वेगळा. हे मला नर्सिंगच्या पुस्तकात नीट कुणी शिकवलं नाही, एका ज्येष्ठ सिस्टरांनी वॉर्डात शिकवलं. त्यांनी शिकवण्याआधीच्या माझ्या रुग्णांचं काय झालं असेल याचा मी विचार करते. अजून एक. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारे, मानसिक आजाराची औषधं घेणारे, यांना उन्हाचा धोका जास्त. एप्रिलमध्ये या लोकांना बोलावून गोळ्यांचा आढावा घ्यायला हवा. तो आढावा घेणारं कुणी आहे का तुमच्या केंद्रावर?

करदाता, तुम्ही म्हणता त्या कार्यशाळा मीही भोगल्या आहेत. वाईट शिकवतात म्हणून शिकवणंच बंद करा, हे मला पटत नाही. वॉर्डात येऊन शिकवा. अर्धा तास पुरतो.

स्टेथो

सिस्टर, तुमच्याशी वाद नाही. पण सरकारी निधीशिवाय काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच मातीतलं देतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची, मुलं तर फार. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षणं केली, प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली, ते जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आणलं, मृत्यू कमी झाले. कोणतं लेखाशीर्ष होतं तिथे? जिज्ञासा होती. ती अंदाजपत्रकातून येत नाही.

माळरान

बावस्करांबद्दल मलाही तुमच्याइतकाच आदर आहे. पण शोध एका माणसाने लावला, आणि विंचू कोकणभर होते. प्राझोसिन कधी द्यायचं, किती द्यायचं, हे रत्नागिरीच्या एखाद्या केंद्रावर नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरपर्यंत जायला कुणीतरी शिकवावंच लागतं. प्रत्येक तालुक्याला बावस्कर मिळतील असं धरून व्यवस्था उभी करता येत नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत बालरुग्ण विभागात नर्स आहे, माहेर सांगलीचं. इथे १९९८ पासून मुलांच्या पर्यावरणीय आजारांसाठी प्रादेशिक तज्ज्ञ केंद्रं आहेत, केंद्र सरकारच्या निधीवर चालतात. कुठल्याही डॉक्टरला फोन करून विचारता येतं की या मुलाच्या घरात जुना रंग सुटतोय, शिसं इतकं आलं, आता काय करू? हीच केंद्रं डॉक्टर-नर्सना शिकवतातही. मला ही पद्धत कार्यशाळेपेक्षा कितीतरी उपयोगी वाटते, कारण प्रश्न पडतो त्या क्षणी उत्तर मिळतं.

पण दुसरी बाजूही सांगते. एप्रिल २०२५ मध्ये इथल्या रोग नियंत्रण केंद्राचा (सीडीसी) मुलांच्या शिसेबाधेवर काम करणारा गट कपातीत गेला. त्याच वेळी मिलवॉकीच्या शाळांमध्ये शिशाचा प्रश्न निघाला होता, शहराने मदत मागितली आणि ती नाकारली गेली. सरकार बदललं की असं होऊ शकतं. निधी घ्या, पण ज्ञान स्थानिक वैद्यकीय महाविद्यालयात मुरेल असं बघा.

धुळीचा_खोकला

माझे वडील दगडखाणीत होते. त्यांना टीबी म्हणून दोनदा औषधांचा पूर्ण कोर्स दिला. थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत. तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, 'काम काय करता?' आणि मग सिलिकोसिस, दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हे नाव पहिल्यांदा आमच्या घरात आलं. तोवर फार उशीर झाला होता.

व्यवसायजन्य आजार आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो सरकारला कळवायचा, हे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसचं धोरण केलं. तिथे आजार प्रमाणित झाला की ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख मिळतात. म्हणजे डॉक्टरने छातीचा एक्स-रे बघून काय लिहिलं यावर घर चालतं. आमच्या केसपेपरवर टीबी लिहिलेलं होतं. आम्ही कुठे आणि काय मागणार?

डॉक्टरने खाण बंद करावी असं माझं म्हणणं नाही. त्याने केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'मजुरी' लिहून पुढे जाऊ नये, एवढंच.

करदाता

वरचं वाचून मी गप्प बसलो होतो थोडा वेळ. वडिलांबद्दल वाईट वाटलं.

तरीही लेखा विभागातला माणूस म्हणून बोलतो. निधी द्यायचाच असेल तर मोजणी 'किती जणांना प्रशिक्षण दिलं' अशी नको. ती मोजणी मी वर्षानुवर्षं पाहिली, आकडा नेहमी शंभर टक्केच येतो. त्याऐवजी जिल्ह्यातून फवारणीच्या विषबाधेच्या किती नोंदी गेल्या, त्यात औषधाचं नाव किती ठिकाणी लिहिलं होतं, व्यवसायजन्य आजाराच्या किती सूचना गेल्या, हे मोजा. शिक्षण झालं असेल तर सुरुवातीला हे आकडे वाढतील, आणि वाढले म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला झापायचं नाही, हेही शासन निर्णयात लिहा. नाहीतर पुढच्याच वर्षी सगळं शून्यावर येईल.

हॉटेलातल्या कार्यशाळेला मात्र माझा विरोध कायम.

स्टेथो

झापायचं नाही, हे खरंच लिहून घ्या. विषबाधेच्या नोंदी जास्त गेल्या की वरून पहिला प्रश्न 'तुमच्याकडेच इतके का' असा येतो. आमच्यातले बरेच जण त्यामुळेच लिहायचं टाळतात, अज्ञानामुळे नाही.

प्रयोगशाळेचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण दूरदेशींनी सांगितलेली फोनची सोय मला हवी आहे. जुलै ते ऑक्टोबर, चोवीस तास, पलीकडे मराठी बोलणारा विषतज्ज्ञ, आणि त्याच्यापुढे त्या हंगामात जिल्ह्यात विकल्या गेलेल्या कीटकनाशकांची यादी. ही यादी कृषी विभागाकडे असते, आमच्याकडे कधी येत नाही. एवढं दिलं तर मी माझ्या स्टाफला स्वतः शिकवीन.

कापूसवाला

त्या फोनचा नंबर कृषी केंद्राच्या बिलावर पण छापा. डॉक्टरकडं पोचाच्या आधी आम्हाले लागते तो.