बूट होताना फायरवॉलचे नियम लोड झाले नाहीत, तर गेटवेने दार बंद ठेवावं की उघडं?

कृष्णाकाठ

आधी आमच्याकडे काय घडलं ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात डेबियनची (लिनक्सची) एक पेटी गेटवे म्हणून आहे, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधलं दार. तिच्यामागे पाच सर्व्हर, त्यांना /२९ चा छोटा पब्लिक ब्लॉक (आठ पत्त्यांचा गट), मध्ये नॅट नाही, म्हणजे प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या पत्त्यावर बाहेरून थेट दिसतो. एका शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, रात्री वीज आली आणि पेटी आपोआप सुरू झाली. सोमवारी सकाळी वेबसाइट चालू, मेल चालू, कोणाची काही तक्रार नाही. दुपारी एका सहकाऱ्याने सहज पोस्टग्रेसचा (डेटाबेसचा) लॉग उघडला, तर बाहेरच्या पत्त्यांवरून पासवर्ड चुकल्याच्या ओळींनी तो भरलेला. ५४३२ हा डेटाबेसचा पोर्ट बाहेरून दिसायलाच नको होता. पेटीवर जाऊन ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ दिलं, म्हणजे लागू असलेले फायरवॉलचे नियम दाखवायला सांगितलं. काहीच आलं नाही. एकही नियम नव्हता.

चूक माझी होती. चार महिन्यांपूर्वी मी एका नियमात आयपी पत्त्याऐवजी डोमेनचं नाव लिहिलं होतं. हाताने लोड केलं तेव्हा डीएनएस (नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा) चालू होतं, नावाचा पत्ता मिळाला, नियम बसला. पण बूट होताना एनएफटेबल्सची (लिनक्सच्या फायरवॉलची) सर्व्हिस नेटवर्क उभं राहण्याच्या आधी चालते, आणि तसंच असायला हवं. त्या क्षणी डीएनएस नसतं. एनएफटी फाइल एकगठ्ठा लावतं, त्यामुळे एक ओळ अडली की सगळी फाइल परत. सर्व्हिस फेल झाली आणि सिस्टमडी (बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) पुढच्या कामाला लागलं. नेटवर्क उभं राहिलं. आयपी_फॉरवर्ड, म्हणजे इतरांची पॅकेट पुढे पाठवण्याची कर्नलची परवानगी, सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या) फाइलमुळे केव्हाच १ झालेलं होतं. तीन रात्री आमचे सर्व्हर उघड्यावर होते.

माझं म्हणणं असं: ज्या मशीनचं काम इतरांची पॅकेट पुढे पाठवणं हे आहे, त्याने नियम हातात नसतील तर एकही पॅकेट पुढे पाठवू नये. आयपी_फॉरवर्ड सगळ्यात शेवटी, नियम लागल्याची खात्री झाल्यावरच १ करावं. ते बंद राहिलं असतं तर शनिवारी सकाळी साडेनऊला मला फोन आला असता. उघडं राहिलं म्हणून तीन दिवस कोणालाही कळलं नाही.

शाखा_चाळीस

असहमत, आणि अनुभवाने असहमत.

मी एका पतसंस्थेच्या चाळीस शाखांचं नेटवर्क सांभाळतो. प्रत्येक शाखेत छोटी लिनक्स पेटी, व्हीपीएनने मुख्य कार्यालयाला जोडलेली. काही शाखा अशा ठिकाणी आहेत की सकाळची पहिली एसटी पकडली तरी पोहोचायला दुपार होते. तिथे आयटीचं कोणी नाही. शिपाई आणि कॅशियर. त्यांना फोनवर ‘मॉनिटर लावा, कीबोर्ड लावा’ म्हणावं तर मॉनिटरच शाखेत नसतो.

तुमच्या पद्धतीने पेटी बंद राहिली तर त्या दिवशी शाखा बंद. पिग्मी एजंट जमा करायला येतात, निवृत्त शिक्षक पैसे काढायला येतात, आणि त्यांना परत पाठवावं लागतं. उघडी राहिली तर मी एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत जाऊन दहा मिनिटांत दुरुस्त करतो. माझ्यासाठी मशीनपर्यंत पोहोचता येणं हीच पहिली सुरक्षा आहे. ज्या पेटीपर्यंत मी पोहोचू शकत नाही, तिचं रक्षण मी कसं करणार?

आणि माझ्या शाखा प्रोव्हायडरच्या सामाईक नॅटच्या मागे आहेत, म्हणजे अनेक ग्राहकांचा बाहेरचा पत्ता एकच असतो. नियम नसले तरी बाहेरून कोणी थेट आत येऊ शकत नाही.

पॅकेट_मोजणी

शाखा_चाळीस, तुमचं शेवटचं वाक्य फक्त आयपीव्ही४ (जुन्या पत्तापद्धती) पुरतं खरं आहे. प्रोव्हायडर आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) देत असेल तर शाखेतल्या प्रत्येक पीसीला जगभरातून दिसणारा पत्ता मिळतो आणि मध्ये नॅट नसतो. तिथे नियमांशिवाय आडवं यायला काहीच नाही. एकदा ‘आयपी -६ अ‍ॅड्रेस’ देऊन बघा. २ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर आजच लक्ष घाला.

आता कृष्णाकाठ यांना. आयपी_फॉरवर्ड शेवटी ठेवण्यात एक खोच आहे. कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की हे चल (व्हेरिएबल) विशेष आहे, ते बदललं की आयपीची बाकी सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात, होस्टसाठी एक स्थिती आणि राउटरसाठी दुसरी. म्हणजे तुम्ही रीडायरेक्ट वगैरेंची सेटिंग्ज आधी नीट लावलीत आणि मग फॉरवर्ड चालू केलंत, तर आधीचं पुसलं जाऊ शकतं. आयपीव्ही६ मध्ये आणखी एक: फॉरवर्डिंग चालू झालं की मशीन राउटरच्या घोषणा ऐकणं सोडतं, डीफॉल्ट राउट (बाहेर जायचा मुख्य रस्ता) त्या घोषणेतून मिळत असेल तर तो जातो. त्यासाठी अ‍ॅक्सेप्ट_आरए (घोषणा ऐकायच्या की नाही हे सेटिंग) ला २ द्यावं लागतं. १ पुरत नाही.

निवांत

इतका खल कशाला? मी आयपीटेबल्स-रिस्टोअरची (नियम भरायची) ओळ आरसी.लोकलमध्ये, म्हणजे बूटच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, ठेवतो. नेटवर्क आधी उभं राहतं, दोन-चार सेकंदांनी नियम लागतात. पंधरा वर्षं चाललंय. दोन सेकंदांत कोण येतंय?

पॅकेट_मोजणी

प्रश्न दोन सेकंदांत कोण येतं हा नाही. त्या दोन सेकंदांत आलेला पुढे किती वेळ राहतो, हा आहे. तुमच्या नियमांत ‘एस्टॅब्लिश्ड’ (आधीच चालू असलेल्या) जोडण्यांना परवानगी असणारच, सगळ्यांच्याच असते. लिनक्सचं कॉनट्रॅक (जोडण्यांची नोंद ठेवणारा भाग) मधूनच सुरू झालेली टीसीपी जोडणीही आपल्या वहीत घेतं, टीसीपी_लूज हे सेटिंग मुळात १ असतं. नियम लागल्यानंतर तुमच्याच सर्व्हरने त्या पाहुण्याला एक उत्तर पाठवलं की जोडणी वहीत चढली, आणि पुढची त्याची सगळी पॅकेट ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणून बिनदिक्कत आत. तो स्वतः जाईपर्यंत राहतो.

हे टाळायला ते सेटिंग ० करता येतं, पण ते नेट.नेटफिल्टरखाली आहे आणि कॉनट्रॅक मॉड्यूल लोड झाल्याशिवाय ती फाइलच अस्तित्वात नसते. सिसकंट्रोलची सर्व्हिस आधी चालली तर ती ओळ वाया जाते. एका सेटिंगमागे क्रमाचा प्रश्न येतोच.

जुना_बीएसडीवाला

ही चर्चा ओपनबीएसडीवाल्यांनी (लिनक्ससारख्याच दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टमवाल्यांनी) कित्येक वर्षांपूर्वी संपवली आहे, म्हणून लिहितो.

तिथे /ईटीसी/आरसी नावाची एकच शेल स्क्रिप्ट आहे. वरून खाली वाचली की क्रम कळतो. ती नेटवर्कला हात लावण्याआधी पीएफमध्ये (तिथल्या फायरवॉलमध्ये) एक तात्पुरता, अगदी लहान नियमसंच भरते: सगळं अडवा, लूपबॅक (मशीनची स्वतःशीच वाहतूक) सोडा, एसएसएच आत येऊ द्या, डीएनएसची विचारणा बाहेर जाऊ द्या, शेजारी शोधण्यापुरतं आयसीएमपी ६ चालू द्या. मशीन एनएफएसवरून (नेटवर्कवरून) डिस्क घेत असेल तर तेवढंही सोडते. मग सिसकंट्रोल, मग नेटस्टार्ट (नेटवर्क उभं करणारी स्क्रिप्ट), त्यात होस्टनेमच्या फाइली आणि मायगेटमधला डीफॉल्ट राउट. आणि त्यानंतर खरी पीएफ.कॉन्फ, म्हणजे नियमांची फाइल. ती चुकली तर तात्पुरता संच जागेवरच राहतो.

म्हणजे कृष्णाकाठ यांचे सर्व्हर झाकलेले राहतात आणि शाखा_चाळीस यांचं एसएसएचही चालतं. शिवाय त्या संचात डीएनएस बाहेर जाऊ दिलेलं असल्याने, नियमात डोमेनचं नाव असलं तरी पीएफ.कॉन्फ लोड होण्याची शक्यता राहते. नेटबीएसडीनेही पीएफ_बूट नावाची वेगळी स्क्रिप्ट याच कामासाठी ठेवली आहे.

उलट टोक बघायचं तर फ्रीबीएसडीचं आयपीएफडब्ल्यू हे फायरवॉल. त्याचा शेवटचा नियम, क्रमांक ६५५३५, मुळात ‘सगळं अडवा’ असतो. सुरुवातीच्या दिवसांत एका दूरच्या मशीनवर एसएसएचमधून मी नुसतं ते मॉड्यूल लोड केलं आणि सेशन जागेवर गोठलं. दुसऱ्या शहरात जाऊन मशीन पुन्हा चालू करावं लागलं. त्यामुळे शाखा_चाळीस यांची भीती मला पूर्ण कळते. तरीही मी बंद दाराच्याच बाजूने आहे, कारण त्या प्रवासात माझा एक दिवस गेला, कोणाचा डेटा गेला नाही.

शाखा_चाळीस

तात्पुरत्या संचाची कल्पना पटली. पण एसएसएच सगळ्या जगाला उघडं ठेवायचं की फक्त मुख्य कार्यालयाच्या पत्त्याला? सगळ्यांना ठेवलं तर कृष्णाकाठ रागावतील. एका पत्त्याला ठेवलं, तर गेल्या वर्षी प्रोव्हायडर बदलल्यावर आमचा पत्ता बदलला होता आणि तीन शाखांत जुनाच राहून गेला होता. तशी शाखा तात्पुरत्या संचावर अडकली की पुन्हा एसटी. आणि सामाईक नॅटच्या मागे एसएसएच थेट पोहोचतच नाही, व्हीपीएन वर आलं तरच पोहोचतं. म्हणजे माझ्या तात्पुरत्या संचात व्हीपीएन बाहेर जाऊ देणं हवंच.

कृष्णाकाठ

रागावणार नाही. तुमच्या पेटीत एसएसएच पासवर्डने न उघडता फक्त किल्लीने उघडत असेल, तर संकटकाळी ते सगळ्यांना उघडं असलं तरी मला चालेल. माझा विरोध *फॉरवर्ड* उघडं राहण्याला आहे. पेटी स्वतः गाठता येणं वेगळं आणि पेटीने मागच्यांना उघड्यावर सोडणं वेगळं. आपण या दोन गोष्टी एकच धरून भांडत होतो. इनपुटमध्ये (पेटीकडे येणारं) एसएसएच, आउटपुटमध्ये (पेटीतून निघणारं) व्हीपीएन, फॉरवर्डला (इतरांसाठी पुढे जाणारं) ड्रॉप, म्हणजे अडवा. यावर तुमची हरकत आहे का?

आणि पॅकेट_मोजणी यांचा मुद्दा मान्य. आयपी_फॉरवर्ड शेवटी ठेवण्याचा हट्ट सोडतो. फॉरवर्ड साखळीचं धोरण ड्रॉप असेल, तर ते चल आधी १ झालं तरी बिघडत नाही.

शाखा_चाळीस

हरकत आहे. शाखेतले पीसी पेटीच्या मागे आहेत. फॉरवर्डला ड्रॉप म्हणजे कॅशियरचा पीसी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला पोहोचत नाही, म्हणजे मी दुरुस्त करेपर्यंत शाखा बंद. दहा मिनिटं चालतील. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला मी गाडीत असेन आणि रेंज नसेल, तर? फॉरवर्डमध्ये शाखेतून व्हीपीएनकडे जाणारा एक नियम मी ठेवणारच.

लॅबवाली

मी कॉलेजची लॅब बघते, तिथून दोन व्यावहारिक गोष्टी.

सिस्टमडीत ‘बिफोर’ हा शब्द फक्त क्रम सांगतो. ‘हे आधी चालव’ एवढंच. ते यशस्वी झालंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. डेबियनची एनएफटेबल्स सर्व्हिस नेटवर्क-प्री टार्गेटच्या आधी चालते, पण ती पडली तरी नेटवर्क थांबत नाही. कृष्णाकाठ यांच्याकडे नेमकं हेच झालं. थांबवायचं असेल तर नेटवर्कडीच्या (नेटवर्क उभं करणाऱ्या) सर्व्हिसला ड्रॉप-इन (जोड) फाइल देऊन ‘रिक्वायर्स’ (हे यशस्वी हवंच) आणि ‘आफ्टर’ (याच्यानंतर चालव) अशा दोन्ही ओळी एनएफटेबल्सच्या नावाने घालाव्या लागतात. एकटी कुठलीही पुरत नाही. आणि बंद ठेवण्याऐवजी जुना_बीएसडीवाला म्हणतात तसा छोटा संच हवा असेल, तर एनएफटेबल्सच्या सर्व्हिसला ‘ऑनफेल्युअर’ (फेल झाल्यास हे चालव) देऊन दुसरं युनिट चालवता येतं. त्या युनिटच्या फाइलमध्ये मात्र ना डोमेनचं नाव असावं, ना इंटरफेसची (नेटवर्क-जोडणीची) गृहीतकं.

गंमत अशी की जुन्या पद्धतीत हे फुकट मिळत होतं. इंटरफेसेसच्या फाइलमध्ये ‘प्री-अप आयपीटेबल्स-रिस्टोअर’ लिहिलं आणि ती आज्ञा फेल झाली, तर इफअप (इंटरफेस सुरू करणारी आज्ञा) तो इंटरफेस वरच आणत नसे.

दुसरी गोष्ट इंटरफेसच्या नावाची. नियमात ‘आयआयएफ पीपीपी०’ (पॅकेट पीपीपी० या इंटरफेसवरून आलं तर) लिहिलं तर एनएफटी लोड होतानाच त्या नावाचा क्रमांक शोधतं. बूटच्या वेळी पीपीपीओई (प्रोव्हायडरकडे लॉगिन करून मिळणारी जोडणी) लागलेलं नसतं, पीपीपी० जन्मालाच आलेला नसतो, म्हणजे पुन्हा अख्खी फाइल परत. तिथे ‘आयआयएफनेम’ लिहायचं, ते पॅकेट आल्यावर नाव ताडून बघतं. घरगुती फायबर लाइनवर गेटवे करणाऱ्यांची ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

निवांत

पण लोड करण्याआधी ‘एनएफटी -सी’ ने फाइल तपासली असती तर हे सगळं टळलं नसतं का?

लॅबवाली

नसतं. चालू मशीनवर तपासता तेव्हा डीएनएसही असतं आणि पीपीपी० ही असतो, त्यामुळे तपासणी पास होते. बूटच्या वेळचं रिकामं नेटवर्क तुमच्यासमोर नसतं. ते तयार करता येतं: ‘अनशेअर -एन’ ने रिकाम्या नेमस्पेसमध्ये (वेगळ्या, कोऱ्या नेटवर्कमध्ये) तीच तपासणी चालवा. आत बंद पडलेल्या लूपबॅकशिवाय काही नसतं. आमच्या लॅबमध्ये नियमांची फाइल गिटमध्ये आहे आणि ही तपासणी पास झाल्याशिवाय ती कुठल्याच मशीनवर जात नाही.

कृष्णाकाठ

लॅबवाली, आत्ता करून पाहिलं. जुनी फाइल ‘अनशेअर -एन’ खाली तपासली तर डोमेनच्या ओळीवर लगेच अडली. पण तिच्याआधी आणखी दोन ओळींवर अडली, ‘आयआयएफ’ वाल्या. व्हीपीएनचा इंटरफेस. म्हणजे डोमेनचं नाव काढून मी निर्धास्त बसलो असतो, तरी पुढच्या रीबूटला हेच झालं असतं. दोन्ही बदलल्या. ऑनफेल्युअरचं युनिट लिहिलं, मग मुद्दाम फाइलमध्ये एक चुकीची ओळ घालून पेटी रीबूट केली. फॉरवर्ड बंद, एसएसएच चालू, बाहेरून ५४३२ दिसत नाही.

शाखा_चाळीस, तुमचा व्हीपीएनचा नियम त्या छोट्या संचात ठेवा, पण बाहेर जाणारा इंटरफेस व्हीपीएनचाच असेल एवढं त्यात बांधा. आणि आयपीव्ही६ पाहिलंत का?

शाखा_चाळीस

पाहिलं. चाळीसपैकी अकरा शाखांत २ ने सुरू होणारे पत्ते आहेत. आयपीव्ही६ साठी एकही नियम मी कधी लिहिलेला नाही. त्या अकरा ठिकाणी आज रात्रीच फॉरवर्डला ड्रॉप लावतोय. उरलेल्या एकोणतीस शाखांबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही.