फवारणीत बाबांना विषबाधा झाली. मजुराला भरपाई मिळते का?

नमस्कार. आम्ही राळेगाव तालुक्यातले. स्वतःचं वावर नाही. बाबा आधी सालदार होते, आता चार-पाच जणांकडे फवारणीला जातात. मजुरी पंपामागे 40 रुपये, म्हणून दिवसाला 18-20 पंप मारायचा त्यांचा हट्ट. गेल्या गुरुवारी तीन औषधं एकत्र करून पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर मारली. पऱ्हाटी डोक्याच्या वर, पंपाचं झाकण गळत होतं, पाठ सगळी ओली. त्याच हाताने दुपारी खर्रा खाल्ला. संध्याकाळी घाम थांबेना, तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधुक. आम्हाला वाटलं ऊन लागलं. कांदा हुंगवला, लिंबूपाणी दिलं. दोन तास त्यात गेले. मग सरकारी दवाखान्यात पाच दिवस भरती होते.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा मी दहावीत होतो. एवढं पाहूनही बाबांचा घाम मला ओळखता आला नाही, हे मनातून जात नाही.

सोमवारपासून पुन्हा जातो म्हणतात. जाऊ द्यावं का? आणि मजुराला काही भरपाई मिळते का?

निवृत्त परिचारिका
नका पाठवू. लाळ, घाम, उलट्या ही ऑरगॅनोफॉस्फेट औषधांची लक्षणं. बाहुल्याही टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील. ही औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात आणि ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थोडं औषध अंगाला लागलं तरी माणूस आधीपेक्षा लवकर कोसळतो. रक्ताची ही तपासणी होते, डॉक्टरांना विचारा. हा हंगाम त्यांना फवारणीपासून लांबच ठेवा.
आणि दादा, स्वतःला दोष देऊ नका. 2017 मध्ये मी वॉर्डात होते. ऊन लागलं समजून उशिरा आणलेले कितीतरी होते. पुन्हा कुणाला असं झालं तर आधी कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, मुद्दाम उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. "ते निळ्या डब्यातलं" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.

वावरवाला, घाटंजी
मी मालक आहो, म्हणून सांगतो. मी मजुराइले फवारणीत अंगावर घालाची संरक्षक किट आणून देल्ली होती. भादव्याच्या उकाड्यात अर्ध्या तासात काढून ठेवली, त्याइचंही चूक नाही. आता सकाळी दहापर्यंतच फवारणी, पंपामागे नाही तर दिवसाची मजुरी. पंपामागे पैसे असले का माणूस जीव घालते. गळका पंप वावरात येऊ देत नाही. पाठीले प्लास्टिकचा कागद, धुऱ्यावर (बांधावर) साबण न् पाण्याची कॅन. तोंडाले रुमाल बांधतात, पण तो ओला झाला का औषध तोंडाशीच राहते. नोझल तोंडानं फुकू नये. न् तीन औषधं एकत्र करायचं दुकानदाराचं ऐकू नये.

कायद्याचा विद्यार्थी
गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशकाची विषबाधा येते, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच: मृत्यूला 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. तीही सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. तुमच्या बाबांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून ते बाहेर. ज्याच्या पाठीवर पंप त्यालाच वगळलं, याचा मला फार राग येतो.
मात्र 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतातली कीटकनाशक फवारणी हे काम नाव घेऊन लिहिलेलं होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. दावा मालकावर करावा लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधाचा डबा, त्या दिवशी सोबत असलेल्या मजुरांची नावं आजच जपून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. परिचारिका मावशींचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कापूस वेचायला जातो. दावा नको म्हणतात, त्याच मालकाने माझ्या बहिणीच्या लग्नाला उचल दिली होती. डबा मात्र मी धुऱ्यावरून शोधून आणला, लाल त्रिकोणाचा आहे, म्हणजे सगळ्यात जहाल विषाचा. आईने तो गोठ्याच्या आड्याला पिशवीत टांगून ठेवलाय, लेकरांचा हात पोचणार नाही असा.