शंका आहे पण पुरावा नाही, शाळेनं नेमकं कुठं कळवायचं?

रानातली_शाळा (बीड जिल्हा)
नमस्कार. झेडपी शाळेवर शिक्षिका आहे, गाव, तालुका, इयत्ता मुद्दाम लिहीत नाही. वर्गातल्या एका मुलीचं काहीतरी बिनसलंय. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्याला गेलेत, ही आजी आणि चुलत्याकडं राहती. आधी सगळ्यात पुढं बसणारं लेकरू, आता फळ्याजवळ बोलावलं की अंग चोरती, कुणी मोठ्यानं बोललं की हात डोक्यावर जातो. मागं दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ दिसले, विचारलं तर दारात पडले म्हणली. नंतर मानेखाली पट्टा ओढल्यासारखा वण दिसला, तवा म्हणली म्हशीनं ढकललं. शाळा सुटल्यावर घरी जाईना, खोल्यांना कुलपं लागेपर्यंत झाडत बसती. खिचडी अर्धी खाती अन् अर्धी डब्यात भरून नेती, संध्याकाळसाठी म्हणती.
हेडमास्तर म्हणायलेत मॅडम दुसऱ्याच्या घरात कशाला पडता, चुलता गावात वजनदार माणूस आहे, आईबाप आले की बघू. आईबाप येणार उन्हाळ्यात. तवर काय करायचं? कळवायचं तर कुठं, माझं नाव बाहेर येतं का, आणि काहीच निघालं नाही तर माझ्यावर केस होती का?

निवृत्त_गुरुजी (लातूर)
ताई, पहिलं हे डोक्यातून काढा की आपल्याला पुरावा पाहिजे. पुरावा गोळा करणं पोलिसांचं आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचं काम, आपलं काम बघणं, लिहिणं आणि सांगणं एवढंच. लेकरं खेळताना पडतात ती गुडघ्यावर, नडगीवर, कोपरावर, कपाळावर. दंडाची आतली बाजू, मान, पाठ, कानामागं, मांडीची आतली बाजू अशा जागी सहसा पडून लागत नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही जागा त्यातल्याच आहेत, आणि लागलंय त्याच्याशी लेकरू सांगतंय ती गोष्ट बसत नाही, ही सगळ्यात मोठी खूण आहे. घरी जायला नको वाटणं ही दुसरी. एकेक खूण सुटी बघितली तर कशाचीही असू शकती पण चार एकत्र आल्या की थांबायचं नसतं.
आजपासून वही घाला. तारीख, वेळ, काय दिसलं, कुठं दिसलं, लेकरू काय बोललं ते त्याच्याच शब्दात. "चुलत्यानं मारलं असावं" असं लिहू नका. असं लिहा: "सकाळी परिपाठानंतर मानेखाली उजव्या बाजूला बोटाएवढा लांब लालसर वण दिसला, विचारल्यावर म्हशीनं ढकललं म्हणाली, बोलताना खाली बघत होती." खाली सही. वही कपाटात, कुलपात, स्टाफरूमच्या टेबलावर नाही. मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकणारे शिक्षक मी बघितलेत, ते अजिबात करू नका, लेकराची गावभर बदनामी होती.
आणि चुलत्याला शाळेत बोलावून विचारू नका. तुमच्यासमोर तो हात जोडंल आणि रात्री लेकराला त्याचा हिशोब द्यावा लागंल.

बालसंरक्षण_कार्यकर्ती (जालना)
गुरुजींचं बरोबर आहे. कुठं कळवायचं ते मी सांगते. 1098 ही चाइल्डलाइन, फुकट, चोवीस तास चालू. 2023 पासून ती सरकारी यंत्रणेकडं आलीय आणि 112 ह्या तातडीच्या मदतीच्या नंबरला जोडलीय, पण नंबर तोच आहे. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, तिथं लेखी अर्ज देता येतो. जीवाला धोका वाटला तर सरळ 112.
मारहाण, उपाशी ठेवणं, आजारी लेकराला दवाखान्यात न नेणं हे बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 मध्ये येतं. ज्याच्या ताब्यात लेकरू आहे त्यानं असं केलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे हा घरचा मामला नाही. हेच शिक्षकाला पण लागू, शाळेत छडी मारणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं वेगळं बंद आहे.
आता एक मनापासून सांगायचंय. आपल्याकडं गरिबी आणि दुर्लक्ष यांची गल्लत फार होती. मळका गणवेश, डोक्यात उवा, फाटकी चप्पल एवढ्यावर कुणी आईबापावर बोट ठेवू नका, उचल फेडायला कोयता घेऊन गेलेली माणसं आहेत ती, कुणी हौसेनं लेकरू मागं ठेवत नाही. परिस्थितीमुळं लेकराला मागं सोडावं लागलं तर ते मुद्दाम टाकून दिलं असं धरायचं नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. बघायचं ते हे की घरात भाकरी असून लेकराला देत नाहीत का, ताप अंगात असून झोपवून ठेवलंय का. ह्या मुलीचं अर्धी खिचडी नेणं मला गरिबीचं वाटत नाही, संध्याकाळी आपल्याला वाढणार नाहीत हे तिला माहीत आहे असं वाटतं.

परभणीकर_मास्तर
सगळं कायद्याचं बोलायलेत, गावात राहून बघा मग. मी माझ्या आधीच्या शाळेवर असं प्रकरण बघितलंय. फोन झाला, जीप आली, अख्खं गाव पारावर जमलं, आणि दुसऱ्या दिवशी लेकराचं नाव काढून त्याला मामाच्या गावाला पाठवलं. कुणाचं भलं झालं? ज्या मॅडमनी सांगितलं असा लोकांना संशय होता त्यांना भाड्यानं खोली मिळंना. मी कळवू नका म्हणत नाही, पण बाईला एकटीला पुढं करू नका एवढंच.

बालसंरक्षण_कार्यकर्ती (जालना)
सर तुमचं म्हणणं खोटं नाही, असं होतं आणि ते यंत्रणेचं अपयश आहे. म्हणून तर मी आधी समितीकडं किंवा 1098 कडं जा म्हणते. कळवतानाच स्पष्ट सांगायचं की गणवेशातली माणसं आणि गाडी गावात आणू नका, लेकराशी आधी शाळेत बोला. हे मागता येतं. आणि लेकरू शाळेतून काढलं तर ते पण लगेच समितीला कळवायचं, दाखला मागायला आले की कुठल्या गावाला चाललंय ते लिहून घ्यायचं. म्हणजे त्या गावच्या जिल्ह्याला कळवता येतं, प्रकरण तिथंच मरत नाही.

वकील_नांदेड
माझा मुद्दा थोडा पण महत्त्वाचा. यात लैंगिक अत्याचाराची नुसती शंका जरी आली तरी मग कळवावं का नाही हा प्रश्नच उरत नाही. पॉक्सो 2012, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचं कलम 19, कुणीही असो, स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. हेडमास्तरला सांगितलं म्हणजे माझी जबाबदारी संपली असं शिक्षक समजतात, ते चूक आहे, हेडमास्तर गप्प बसले तर तुम्ही स्वतः जायचं. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, तेही कलम 19 मध्येच आहे, त्यामुळं केसचं भय नको.
चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2022 ला सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, तिथं तर डॉक्टरवरची केस हायकोर्टानं रद्द केली होती ती परत उभी केली. 2024 च्या बदलापूर प्रकरणात पण शाळेनं वेळेत कळवलं नाही हाच मोठा आरोप होता.
पोलिसांत गेल्यावर नोंदीचा नंबर मागून घ्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटंल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यात. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायचा.

रानातली_शाळा (बीड जिल्हा)
सगळ्यांचे आभार, वही आजच घातली. एक विचारायचं राहिलं. ती काल मधल्या सुट्टीत जवळ आली आणि म्हणली मॅडम एक सांगू का, पण कुणाला सांगू नका. तेवढ्यात घंटा झाली अन् पोरं आत आली, ती बोलली नाही. परत आली तर काय म्हणू?

निवृत्त_गुरुजी (लातूर)
"कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका, पाळता येणार नाही आणि मग तिचा शेवटचा माणूस पण तुटंल. म्हणा, "सांग, मी ऐकायलेय. तुला नीट ठेवण्यासाठी एकदोन जणांना सांगावं लागंल, पण पोरांना आणि गावात कुणाला कळू देणार नाही." मग गप्प बसून ऐका. कुणी केलं, किती वेळा केलं, असं का नाही ओरडलीस, असले प्रश्न नकोत. ती जेवढं बोलंल तेवढं पुरे, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं नक्की म्हणा. दार उघडं असू द्या, दुसऱ्या मॅडम नजरेच्या टप्प्यात असू द्या. ती गेली की लगेच लिहून काढा.

बालसंरक्षण_कार्यकर्ती (जालना)
आणि ताई, ती बोलण्याची वाट बघत बसू नका, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर आज फोन करता येतो. जमलं तर दुसऱ्या एका शिक्षिकेची सही अर्जावर घ्या, परभणीच्या सरांची काळजी त्यानं थोडी तरी कमी होती. केंद्रप्रमुखांना आणि तालुक्याला प्रत द्या म्हणजे हेडमास्तरांना पण दाबता येणार नाही. तुमच्या भागात हंगामी वसतिगृह चालू असंल तर अर्जात तेही लिहा, आईबाप येईपर्यंत तिची रात्रीची सोय तिथं होती का ते समिती बघंल. आईबापाचा फोन मुकादमाकडून मिळतो, पण तो तुम्ही लावू नका, समितीला लावू द्या, बातमी आधी चुलत्याकडं पोचायला नको. अर्ज कसा लिहायचा ते मेसेज करते, नाव न टाकता इथंच तपासून देऊ.