गिटारची पहिली तार काठावरनं सुटतेय? नट बदलायच्या आधी हे बघ

भावा, पहिली ई तार (सगळ्यात बारकी) दाबली की फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) काठावरनं खाली घसरतेय, म्हणून नट (दांड्याच्या टोकाची, तारा खाचांत बसतात ती पट्टी) बदलायचा म्हणालास, तर कानस हातात घ्यायच्या आधी बाराव्या फ्रेटवर बघ की. तिथं पण तार काठाला चिकटून असेल तर नेक (दांडा) नाहीतर ब्रिजचा (खाली तारा अडकवतात त्या भागाचा) घोळ आहे, नटचा नव्हे. फक्त नटजवळच्या दोन-तीन फ्रेटवरच होत असेल तर मग नटच.

या चर्चेत वर कुणीतरी नटच्या खाचा पाडताना सहा तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सारखं अंतर घे म्हटलंय, ते मला पटत नाही, कारण १२ च्या सेटमध्ये (म्हणजे बारकी तार ०.०१२ इंचाची) जाडी ई साधारण १.३५ मिमी नि बारकी ०.३ मिमी, त्यामुळं बेसच्या तारा एकमेकीला खेटतात आणि बोटं अडकतात. दोन तारांमधली मोकळी जागा सारखी ठेव. ४३ मिमीच्या नटवर काठापासून तीनेक मिमी सोडलास तरी चालतंय.

चुकीची खाच हाडाची पूड नि सुपरग्लू घालून भरता येते, पण त्यापेक्षा नवीन हाडाचा नट बरा. त्याच्यासाठी बेळगावातनं कोल्हापूर-पुण्याला गिटार न्यायलाच पाहिजे असं काय नाही, पेन्सिलनं खुणा करून आधी अगदी उथळ खाचा पाड, तारा चढवून बघ, मगच खोल कर.