मदत हवी आहे: आल्सास-मोझेलमध्ये इमामांना सरकारी पगार देता येईल का?

फ्रान्सने १९०५ साली धर्म आणि राज्य वेगळं केलं, तेव्हा आल्सास-मोझेल हा आजच्या फ्रान्सच्या पूर्वेचा भाग जर्मनीत होता, आणि फ्रान्सकडे परत आल्यावरही तिथे तो कायदा लागू झाला नाही. म्हणून तिथल्या कॅथलिक, ल्युथरन, रिफॉर्म्ड आणि ज्यू धर्मगुरूंना सरकार आजही पगार देतं, इमामांना नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि चर्चासत्रासाठी त्यावरच लिहितेय.

फ्रेंच येत नसल्याने फ्रान्सच्या घटना परिषदेचे (कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या संस्थेचे) निर्णय इंग्रजीतून वाचले. २०१३ च्या निर्णयाने पाद्रींचा पगार घटनेत बसवून घेतला, तिथवर अडचण नाही. अडलंय २०११ च्या निर्णयापाशी: स्थानिक कायद्यातले, म्हणजे आल्सास-मोझेलपुरत्या खास नियमांतले, बदल उर्वरित फ्रान्सच्या तुलनेत वागणुकीतली तफावत वाढवणारे किंवा त्या नियमांची व्याप्ती रुंदावणारे नसावेत, असं तो म्हणतो. मग संसदेने साध्या कायद्याने इस्लामला या यादीत घेतलं तर ते टिकेल, की घटनादुरुस्तीच लागेल?