स्वतःच्या मुलीला स्वतःच ब्लॅक बेल्ट देणारे सर

कृष्णाकाठ

परवा आमच्या प्रशिक्षकांच्या ग्रुपवर एका सरांनी फोटो टाकला. नऊ वर्षांची मुलगी गुडघे टेकून बसलीय आणि वडील तिच्या कमरेला ब्लॅक बेल्ट बांधताहेत. खाली लिहिलंय, 'परीक्षक मीच होतो. लोक बोलणार, बोलू देत. घरच्या माणसाइतका कडक परीक्षक दुसरा नाही.' शे-दीडशे जणांनी खाली हात जोडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही म्हणून इथे लिहितोय.

मी सांगलीत 22 वर्षं शोतोकान कराटे शिकवतो. माझी मुलगी माझ्याच क्लासात वाढली. ऑरेंज बेल्टपर्यंत तिची ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, मीच घेतली. एकदा हेयान सांदान हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करताना ती वळणावर डगमगली. दुसरं कुणाचं पोर असतं तर मी तिथल्या तिथे गुण कापले असते. मला मात्र आठवलं की परवापर्यंत तिला ताप होता, आणि पेन उचललंच गेलं नाही. पुढच्या वेळी उलट झालं. पालक बघत बसले होते, कुजबुज नको म्हणून बारीकशा चुकीलाही मी गुण कापले. दोन्ही वेळा काता बाजूलाच राहिला.

तेव्हापासून तिला कोल्हापूरच्या एका सरांकडे परीक्षेला नेतो. ब्राऊनला पहिल्या खेपेला नापास झाली. जयसिंगपूर येईपर्यंत रडत होती. मग म्हणाली, "बाबा, कोकुत्सु पवित्र्यात माझं वजन पुढे जातं म्हणे. तुम्ही कधी सांगितलं नाही ते." मी शंभरदा सांगितलं होतं! पण घरात सांगितलेलं आणि परीक्षेत ऐकलेलं यात फरक पडतो तो असा.

आपल्या पोरांना जरूर शिकवा. परीक्षेच्या टेबलामागे मात्र बसू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

माणदेशी

सांगलीत बसून हे लिहिणं सोपं आहे, सर. आमच्या आटपाडीला या एकदा. माझ्याकडे चाळीस पोरं. बऱ्याच जणांचे वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात, पोरं आजी-आजोबांकडे. मी एकटा प्रशिक्षक. जवळपास ब्लॅक बेल्टची परीक्षा घेऊ शकेल असा दुसरा माणूस नाही. बाहेरून परीक्षक बोलवायचा तर गाडीभाडं, जेवण, मानधन मिळून चार-पाच हजार. ते कुणाच्या खिशातून जाणार?

माझा मुलगा त्या चाळीसांतला एक. एकोणचाळीस जणांना मी चालतो आणि चाळिसाव्याला चालत नाही, हा कुठला न्याय? माझ्या सचोटीवर विश्वास असेल तर सगळ्यांसाठी ठेवा, नसेल तर पोरं पाठवू नका.

आणि शोतोकानचे जनक फुनाकोशींनी 1924 साली कराटेतले पहिले दान (ब्लॅक बेल्टचे दर्जे) दिले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कमरेला कुणी दिलेला दान होता का? कुणीतरी कुठेतरी स्वतःच्या जबाबदारीवर सुरुवात करतोच.

ठाणेकर जुडोवाला

फुनाकोशींनी ही पद्धत घेतली ती आमच्या जुडोचे जनक कानो यांच्याकडून. जिगोरो कानोंनी 1882 ला कोदोकान ही जुडोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी दोघांना पहिला दान दिला, साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो. पण महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कोदोकानात लाल आणि पांढरे असे दोन गट करून लढती होतात. जिंकलात की मॅटवरच थांबायचं, समोर पुढचा गडी येतो. ओळीने सहा जणांना पूर्ण गुणाने पाडलं तर तिथल्या तिथे बढती. तिथे परीक्षकाचा मुलगा आहात की पुतण्या, याच्याशी समोरच्याला देणंघेणं नसतं. तो तुम्हाला पाडायलाच आलेला असतो.

कराटेची अडचण ही की बेल्ट बहुतेक कातावर मिळतो, आणि काता बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून.

माणदेशी

ते साइगो आणि तोमिता कानोंकडेच राहणारे होते, हेही लिहा की. घरातलेच म्हणायचे. आणि कानो 1938 ला गेल्यावर कोदोकानचा प्रमुख कोण झाला? भाचा. 1946 ला मुलगा, 1980 ला नातू. घराबाहेरचा माणूस त्या खुर्चीवर बसायला 2009 उजाडलं. तिथे 70 वर्षं घरातच चाललं ते परंपरा, आणि आटपाडीत मी मुलाला ग्रीन बेल्ट दिला तर घोटाळा?

ठाणेकर जुडोवाला

प्रमुखपद वेगळं, दान वेगळा. पण हो, ते कानोंकडे राहायचे हे खरं आहे. मी लिहायला हवं होतं.

दोघींची आई

घरातला की बाहेरचा यावर तुम्ही सर मंडळी भांडताय, मला वेगळंच विचारायचंय. डोंबिवलीत माझ्या दोन मुली तीन वर्षं क्लासला गेल्या. दर तीन महिन्यांनी परीक्षा. प्रत्येकीचे 900 रुपये. म्हणजे वर्षाला 7200 नुसते परीक्षेचे. महिन्याची फी, ड्रेस वेगळा. बेल्टचे वेगळे. वर 'इंटरनॅशनल' सर्टिफिकेट हवं असेल तर आणखी. तीन वर्षांत त्या हॉलमध्ये एकही मूल नापास झालेलं मी पाहिलं नाही. एकही! धाकटी तर एकदा अर्ध्यात काता विसरून उभी राहिली. तिलाही बेल्ट लागला.

आणि परीक्षक बाहेरचे होते बरं का. दर वेळी नवा पाहुणा, गळ्यात हार, भाषण. त्यांचं कुणी नातेवाईक नव्हतं त्या हॉलमध्ये. मग फायदा काय झाला?

तालमीतला गडी

ताई बरोबर बोलल्या. म्हणून आमच्या कुस्तीत पट्टाच नाही. महावीर फोगाट यांनी आपल्या मुलींना स्वतःच घडवलं. बापच वस्ताद. पण 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीताला सुवर्णपदक बापाने दिलं नाही, समोरचीला हरवून तिने घेतलं. तालमीत पोरगा कुणाचाही असो, पाठ लागली की लागली.

कृष्णाकाठ

गडी, कुस्ती ही स्पर्धा. माझ्याकडे सात वर्षांचं, अंगाने किरकोळ, लाजरंबुजरं पोर येतं. त्याला कुणाला पाडायचं नसतं, ताठ उभं राहायचं असतं. त्याने काय मिळवलं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. बेल्ट त्यासाठी.

ताई, तुमचा अनुभव ऐकून लाज वाटली. माझ्याकडे परीक्षा सहा महिन्यांनी, फी 300, आणि दर वेळी दोघं-तिघं परत बसतात.

माणदेशी

माझ्याकडे 100 रुपये. ज्याला जमत नाही त्याला माफ.

दोघींची आई

तुम्ही दोघं चांगले असाल, मान्य. पण शहरात दुकानदारी चाललीय आणि आठ वर्षांची ब्लॅक बेल्ट पोरं हा त्याचाच माल आहे. मुख्य प्रश्न हा आहे. बापाने परीक्षा घेतली की काकाने, हा नाही.

माणदेशी

'दुकानदारी' हा शब्द जपून वापरा. हॉलचं भाडं, मॅट, लाइट कुठून येतं? पोराच्या गणिताच्या शिकवणीला हजारो भरताना कुणी दुकान म्हणत नाही. आम्ही पहाटे साडेपाचला मैदानावर उभे असतो, आमच्या पोटाचं नाव निघालं की लगेच दुकान. बारा वर्षं झाली, माझी स्वतःची मोटरसायकल अजून हप्त्यावर आहे.

दोघींची आई

मी तुम्हाला म्हटलंच नाही! पण माझी थोरली आज विचारते, "आई, माझा ब्राऊन बेल्ट खरा आहे का?" तिला मी काय सांगू? तुमच्या पहाटेचा मान राखते, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कुणी द्या.

ठाणेकर जुडोवाला

लहान मुलांपुरती सोय इतरांनी केलेली आहे. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलांना कुक्कीवॉन ही त्यांची मुख्य संस्था दान देत नाही, पूम हा मुलांसाठीचा वेगळा दर्जा देते. पट्टाही निम्मा लाल, निम्मा काळा. ब्राझिलियन जिउ-जित्सूत त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने ब्लॅक बेल्टला 19 वर्षं पूर्ण हवीत. वयाची अट घातली की निम्मं भांडण मिटेल.

तंबोरा

मी गाण्यातला. आमच्याकडे दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बाहेरचे परीक्षक येतात. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत माझी परीक्षा माझ्या गुरूंनी घेतली नाही. दुसरीकडे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई. आईच गुरू, आणि आईचा होकार मिळवणं हे कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड. तेव्हा 'घरचा परीक्षक म्हणजे सवलत' हे मला पटत नाही. पण मोगूबाईंनी मुलीला कागद दिला नव्हता. विद्या दिली, निर्णय श्रोत्यांनी केला. शिक्का मारायची वेळ आली की बाहेरचा माणूस हवा, हे मात्र मला पटतं.

सरांचा मुलगा

बरीच वर्षं कुठे लिहिलं नाही, आज लिहितो. माझे वडील कराटेचे सर. परीक्षा तेच घ्यायचे. सगळे म्हणतात बाप पोराला झुकतं माप देतो. माझ्या बापाने मला ब्राऊनला तीनदा नापास केलं. तिसऱ्या वेळी माझ्यासोबत बसलेले, माझ्याकडून काता शिकलेले दोघं पास झाले. घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "याला पास केलं असतं तर लोक काय म्हणाले असते?" मी आतल्या खोलीत ऐकत होतो. सोळा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवसापासून क्लासला गेलो नाही.

मी पास व्हायच्या लायकीचा होतो की नव्हतो, मला आजही माहीत नाही. दिवाळीला घरी जातो, सगळं बोलतो, तेवढा विषय सोडून. माणदेशी सर, तुम्ही सचोटीचं म्हणताय. माझे वडीलही सचोटीचेच होते.

माणदेशी

बाळा, वाईट वाटलं वाचून. पण ही चूक तुझ्या वडिलांच्या स्वभावाची झाली, पद्धतीची नाही. बाहेरचे परीक्षक काय देव असतात? जुडोवाले, तुम्हीच सांगा, त्या केइको फुकुदांचं काय झालं ते.

ठाणेकर जुडोवाला

तेही खरं आहे. फुकुदाबाई म्हणजे कानोंच्या जुजुत्सुच्या गुरूंची नात. 1953 ला पाचवा दान मिळाला आणि तिथेच वीसेक वर्षं अडकून पडल्या, कारण बाईमाणसाला त्यावर न्यायचं नाही असा रिवाज. कोदोकानने नववा दान दिला तो 2006 ला, नव्वदी उलटल्यावर. अडवणारे त्यांचे नातेवाईक नव्हते. बाहेरचा माणूस आंधळा असू शकतो, हे मला नाकारता येणार नाही.

कृष्णाकाठ

बाहेरचा चुकतो, कबूल. पण बाहेरचा चुकला तर पोर घरी येऊन आईबापाच्या गळ्यात पडून रडू शकतं. घरचाच चुकला तर कुणाकडे जायचं? वरच्या मुलाला जायला जागाच उरली नाही.

द्रोणाचार्यांचं बघा. बाकीच्या शिष्यांना पाणी आणायला कमंडलू दिले, भरायला वेळ लागावा म्हणून. अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचा कलश. तो लवकर परतला की त्याला एकट्याला जास्तीचं शिकवायचं. एवढा मोठा आचार्य, पण पोटच्या पोरापुढे नियम वाकलाच.

माणदेशी

आणि पुढे गेला कोण? अर्जुन. त्याने ती मेख ओळखली आणि वारुणास्त्राने कमंडलू भरून तोही बरोबरीने परत यायला लागला. शिकणारा शिकतोच.

कृष्णाकाठ

अर्जुनाचं भलं झालं, मला काळजी अश्वत्थाम्याची आहे. ब्रह्मास्त्र त्याने हट्टाने मागितलं. हा त्याला लायक नाही हे द्रोणांना आतून ठाऊक होतं, तरी दिलं. बजावून दिलं, पण दिलंच. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर दिलं असतं का? त्या अस्त्रापायी पुढे त्या पोराच्या वाट्याला जे आलं ते आपण सगळे जाणतो. मी पेन उचललं नाही, तेव्हा मलाही आतून ठाऊक होतं.

दोघींची आई

माझ्या थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कृष्णाकाठ

ताई, तिला एखाद्या रविवारी सांगलीला घेऊन या. काता बघतो, दोन फेऱ्या कुमिते (समोरासमोर लढत) करून घेतो आणि आज ती कुठल्या बेल्टवर उभी आहे ते तिच्यासमोर सांगतो. पैसे घेणार नाही. उत्तर आवडेल याची खात्री मात्र देत नाही.

आणि माणदेशी सर, खर्चाचा तुमचा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावायला नको होता. ब्लॅक बेल्टच्या वेळी तुमच्या मुलाला माझ्याकडे पाठवा. माझी मुलगी पुढच्या ग्रेडिंगला तुमच्याकडे येईल. एसटीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं.

माणदेशी

मुळातला माझा मुद्दा मी सोडलेला नाही. चाळीस जणांना एकच फूटपट्टी लावणारा प्रशिक्षक आपल्या पोरालाही तीच लावू शकतो. पण त्या मुलाचं लिहिलेलं वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. रात्री पोराला विचारलं, "तुझी परीक्षा दुसऱ्या सरांनी घेतली तर चालेल का?" इतक्या पटकन हो म्हणाला की मला जेवण गेलं नाही.

पाठवतो. बासाई दाई या कातामध्ये तो वळताना मागची टाच उचलतो, आधीच सांगून ठेवतो. नापास केलंत तर मला फोन करू नका, त्यालाच समोर बसवून सांगा.