मदत हवी आहे : ध्यानात पाय बधिर होतात, वर डुलकी लागते

नमस्कार मंडळी. इगतपुरीला धम्मगिरीत १० दिवसांचं विपश्यना शिबिर करून आले. तिथे पहाटे ४ ला घंटा व्हायची, तरी झोप आडवी आली नाही. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय. इथे नाशिकच्या सिडकोत सकाळी कुकरच्या शिट्ट्या, आणि संध्याकाळी बसले की दहाव्या मिनिटाला मान खाली! उजवा पाय तर घोट्यापर्यंत बधिर होतो. अधिष्ठान (आसन न बदलता बसण्याचा निश्चय) म्हणून हलायचं नाही, की वय ५४ बघता सरळ खुर्ची घ्यावी? सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा नामस्मरण कर. दोन पद्धतींची सरमिसळ नको, असं शिबिरात बजावलं होतं, म्हणून अडलेय. नाशिकमध्ये आठवड्याची सामूहिक साधना कुठे होते? जुन्या साधकांनी कृपया सांगा.